दरवाजे नसलेल्या किल्ल्यात

मित्रांनो, आधी एक कोडं घालतो. असा कोणता किल्ला आहे, ज्याला तट नाही, बुरूज नाहीत, खंदक नाही आणि दरवाजे तर नाहीच नाहीत. तरीसुद्धा रोज सकाळी हजारो माणसं हातात डबा घेऊन त्या किल्ल्यात जायला निघतात?

रायगड? नाही. सिंधुदुर्ग? तोही नाही. हरलात? अहो, मुंबईचा फोर्ट! 'फोर्ट' म्हणजे किल्लाच की! मुंबईची जुनी मराठी माणसं याला 'कोट' म्हणत. आज तिथं बँका आहेत, कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, शेअर बाजार आहे. सगळा पैशांचा कारभार. आपण मुलं तिथं जातो ती बहुतेक गेटवे ऑफ इंडियाला जाताना. टॅक्सीच्या काचेतून मोठमोठ्या दगडी इमारती दिसतात. आई म्हणते, "हात सोडू नकोस, गर्दी आहे." आणि आपल्याला वाटतं, ही जागा मोठ्या माणसांची, बड्या साहेबांची. आपलं इथं काय काम?

आपलं तिथं पुष्कळ काम आहे. आज तेच पाहू या. पूर्वी या किल्ल्याला तीन दरवाजे होते: चर्च गेट, अपोलो गेट आणि बाजार गेट. त्यातल्या चर्च गेटच्या बाजूनं आपण आत शिरायचं आणि बाजार गेटच्या बाजूनं बाहेर पडायचं. चाल फार नाही, साधारण अडीच किलोमीटर. रमतगमत, थांबत-थांबत गेलं तरी दीड-दोन तासांत होते. आणि चालता चालता एक खेळ खेळायचा. मुंबईतल्या या महागड्या भागात फुकट मिळणाऱ्या किंवा फुकट मिळाव्यात म्हणून केलेल्या गोष्टी शोधायच्या. पायांत चपला घट्ट आहेत ना? मग निघू या!

विहीर, मैदान आणि घड्याळ

सुरुवात चर्चगेट स्टेशनपासून. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला इथं उभं राहून पाहा. गाडी येते, दारं माणसं ओतून मोकळी होतात आणि पुढची गाडी दुसऱ्या फलाटावर हजर! कुणी कुणाकडे पाहत नाही. सगळ्यांचे डोळे समोर आणि पाय पळत. साडेअकराच्या सुमाराला आलात तर पांढरी टोपी घातलेले डबेवालेही दिसतील. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून आलेल्या घरांतली ही माणसं. डब्यावरच्या रंगीत खुणा वाचून ज्याचा डबा त्याला नेमका पोचवतात. २०२० साली कोरोनाची साथ आली आणि कचेऱ्या बंद पडल्या, तेव्हापासून त्यांची संख्या पुष्कळ कमी झाली. पण ते अजून आहेत.

स्टेशनातून बाहेर पडून वीर नरिमन रस्त्यानं पूर्वेकडे चालू लागलं, की डाव्या हाताला, क्रॉस मैदानाच्या कडेला, एक विहीर लागते. ही भिखा बेहराम विहीर. भिखाजी बेहराम या पारशी गृहस्थांनी ती १७२५ साली खोदली, येणाऱ्या-जाणाऱ्या तहानलेल्यांसाठी. गंमत म्हणजे समुद्र इतका जवळ असून विहिरीला पाणी लागलं गोड! आज ते पारशी समाजाचं पवित्र स्थान आहे, म्हणून इतरांनी बाहेरूनच पाहायचं आणि पुढं जायचं. आपल्या यादीत पहिली गोष्ट लिहा: पाणी.

आता उजवीकडे पाहा. केवढं मोठं मैदान! हे ओव्हल. सुट्टीच्या दिवशी एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालतात, की कुणाचा चेंडू कुणाच्या हद्दीत गेला हे खेळणाऱ्यांनाच ठाऊक. पण इतक्या महाग भागात इतकी जागा मोकळी राहिली कशी? त्याचं उत्तर तोफांपाशी आहे. शत्रू चालून आला तर तो लपायला नको आणि किल्ल्यावरच्या तोफांना लांबवर दिसायला हवा, म्हणून इंग्रजांनी तटाबाहेरची जमीन मोकळी राखली होती. तट गेला, तोफा गेल्या. त्या मोकळ्या जागेचे तुकडे म्हणजे आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही मैदानं. शत्रूसाठी राखलेल्या जागेत आज टेनिस बॉल उडतो! यादीत दुसरी गोष्ट: मैदान.

मैदानापलीकडे जो उंच मनोरा दिसतो, तो राजाबाई टॉवर. उंची सुमारे २८० फूट. याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस इंग्लंडला जाईना. इंग्लंडच्या कापड गिरण्या अडल्या आणि त्यांनी हिंदुस्थानकडे धाव घेतली. मुंबईच्या व्यापाऱ्यांवर पैशांचा पाऊस पडला! प्रेमचंद रायचंद हे त्यातले एक मोठे व्यापारी. त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. अट एकच, मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यायचं.

पण १८६५ साली युद्ध संपलं. कापसाचे भाव धाडकन खाली आले. समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या कंपन्या बुडाल्या, बँका बुडाल्या. कालचे लखपती आज कर्जबाजारी झाले. खुद्द प्रेमचंदशेठही त्यात पार खाली आले. मात्र मनोऱ्याला दिलेले पैसे आधीच देऊन झाले होते. १८६९ साली काम सुरू झालं आणि १८७८ साली मनोरा पुरा झाला. बाजारात ठेवलेले पैसे बुडाले, पण गावाला दिलेले राहिले! त्या काळी स्वतःजवळ घड्याळ असणं ही श्रीमंतांची चैन होती. मान वर केली की राजाला आणि रंकाला तीच वेळ दिसे. आपल्या यादीतली तिसरी गोष्ट म्हणजे वेळ.

हुतात्मा चौक

तसंच पुढं चालत गेलं, की रस्ते चहूबाजूंनी येऊन मिळतात आणि मधोमध एक दगडी कारंजं दिसतं. हे फ्लोरा फाउंटन. १८६४ साली ते इथं उभं राहिलं. वर जी मूर्ती आहे ती रोमन लोकांच्या फुलांच्या देवीची, म्हणजे फ्लोराची. २०१९ साली त्याची नीट दुरुस्ती होऊन पाणी पुन्हा खेळू लागलं.

आता जरा पायांखाली पाहा. चर्च गेट इथंच होतं बरं का! रात्र झाली की किल्ल्याचे दरवाजे बंद होत. पुढं गाव वाढलं, तटबंदीची अडचण होऊ लागली. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६० नंतरच्या काही वर्षांत, तट पाडून टाकला आणि खंदक बुजवला. म्हणून किल्ला नाहीसा झाला आणि नाव तेवढं उरलं.

पण कारंज्यापाशीच थांबू नका. शेजारी आणखी एक स्मारक आहे. दोन पुतळे, हातात मशाल. एक शेतकरी आणि एक कामगार. विचार करा, चहूकडे बँका, विमा कंपन्या, मोठ्या पेढ्या. आणि चौकात मानानं उभे आहेत ते शेतकरी आणि कामगार! असं का?

१९५५ साली देशात भाषेप्रमाणे राज्यं करण्याचा विचार चालला होता. मराठी बोलणाऱ्यांचं एक राज्य व्हावं आणि मुंबई त्यात असावी, अशी मराठी माणसांची मागणी होती. पण मुंबई वेगळी ठेवावी असं म्हणणारेही पुष्कळ होते. मुंबई पैशांनी मोठी झाली, ती एकट्या मराठी राज्याची कशी, असा त्यांचा सवाल. लोक म्हणत, मुंबई पैशांनी मोठी झाली खरी, पण गिरण्यांत राबलं कोण? गोदीत ओझी वाहिली कुणी? २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या चौकात मोर्चा आला, तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला. माणसं मेली. त्यानंतरही आंदोलन चालू राहिलं आणि सगळं मिळून शंभराहून जास्त लोकांचे प्राण गेले. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, मुंबईसह. त्या हुतात्म्यांचं हे स्मारक. म्हणून या चौकाचं नाव हुतात्मा चौक.

हे लोक काही इथल्या इमारतींचे मालक नव्हते. त्यांतल्या कितीतरी जणांनी इथल्या एखाद्या बँकेची पायरीही चढली नसेल. तरी त्यांना वाटलं की ही जागा आपली आहे. तेव्हा, "आपलं इथं काय काम?" असं पुन्हा वाटलं, तर या दोघांकडे एकदा बघा.

वडाखालचा बाजार

चौकातून पुढं निघालं, की सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं. १७१८ साली ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. चर्च गेट हे नाव पडलं ते याच चर्चमुळे, कारण त्या दरवाजातून सरळ आलं की हे चर्च. आणखी एक गोष्ट. इंग्रजांच्या काळात मुंबईतली अंतरं इथपासून मोजत. शहरात काही ठिकाणी रोमन आकडे कोरलेले जुने मैलाचे दगड अजून आहेत. ते आकडे म्हणजे या चर्चपासूनचे मैल. म्हणजे आपण आता मुंबईच्या शून्यावर उभे आहोत!

दोन मिनिटांत हॉर्निमन सर्कल. मध्ये गोल बाग, भोवती कमानींच्या इमारती. कमानींखालून चाला, भर दुपारीसुद्धा ऊन लागत नाही. इमारत मालकाची, पण खालची सावली रस्त्यानं जाणाऱ्या कुणाचीही. टाका यादीत! बागेत जरा टेका. बेंजामिन हॉर्निमन हे इंग्रज संपादक. 'बॉम्बे क्रॉनिकल' हे वर्तमानपत्र ते चालवत. १९१९ साली इंग्रज सरकारच्या जुलमाविरुद्ध त्यांनी इतकं रोखठोक लिहिलं, की सरकारनं त्यांना उचलून इंग्लंडला पाठवून दिलं. स्वातंत्र्यानंतर या बागेला त्यांचं नाव मिळालं. त्याआधी ती एल्फिन्स्टन सर्कल होती.

त्याच्याही आधी, १८५० च्या दशकात, इथं समोर वडाच्या झाडाखाली काही दलाल जमत. ऊन असो, पाऊस असो, झाडाखाली उभे राहून ते शेअरचे सौदे करीत. माणसं वाढली, झाड पुरेना! मग त्यांनी जागा बदलल्या आणि १८७५ साली आपली रीतसर संस्था काढली. तीच आजची मुंबई शेअर बाजार ही संस्था. बागेच्या दक्षिणेला मुंबई समाचार मार्गानं थोडं गेलं की दलाल स्ट्रीटवर तिची उंच इमारत दिसते. १९९५ साली संगणक येईपर्यंत तिथं ओरडून आणि हातांच्या खुणा करून सौदे होत. केवढा गोंगाट असेल! आपल्या वर्गात बाई नसताना होतो, तेवढा तरी नक्की.

आणि 'मुंबई समाचार' हे नाव कुठून आलं? ते एक गुजराती वर्तमानपत्र. १८२२ साली निघालं ते अजून निघतंय! त्यानंतर दहा वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईतूनच 'दर्पण' काढलं. मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ते हेच.

पायऱ्या मोजा

बागेच्या पूर्वेला समोर दिसणारी पांढरी, जाडजूड खांबांची इमारत म्हणजे टाऊन हॉल. १८३३ साली ती पुरी झाली. आत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. ही संस्था त्याहूनही जुनी, १८०४ सालची. इटालियन कवी दान्ते याच्या महाकाव्याची एक फार जुनी हस्तलिखित प्रत या संस्थेकडे आहे. आत नाना शंकरशेट यांचा पुतळा आहे. त्यांचं नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

टाऊन हॉलमध्येच राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५४ सालचा एक कायदा सांगतो की देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत चार ग्रंथालयांकडे पाठवायची. त्या चारांपैकी हे एक. म्हणजे तुमच्या गावच्या एखाद्या मास्तरांनी छापलेलं छोटंसं पुस्तकही या दगडी इमारतीत मानानं बसू शकतं!

आता पायऱ्या. खाली उभं राहून वर पाहिलं की छातीत धडधडतं, इतक्या त्या रुंद आणि उंच आहेत. किती आहेत? मी सांगणार नाही, तुम्हीच मोजा. संध्याकाळी इथं कॉलेजातली मुलं बसतात, कुणी पुस्तक वाचत असतं, कुणी नुसतंच बसलेलं असतं. बसायला कुणी पैसे मागत नाही. थोर पंडित पांडुरंग वामन काणे यांचं नाव या सोसायटीशी जोडलेलं आहे. कोकणातून आलेला हा माणूस. त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. यादीत आणखी दोन गोष्टी: पुस्तकं आणि टेकायला पायरी.

खिशातली चौकट

टाऊन हॉलकडून उत्तरेला वळलं, की एकीकडे रिझर्व्ह बँकेची उंच इमारत आणि जवळच सरकारी टांकसाळ. टांकसाळीत अर्थातच आपल्याला सोडत नाहीत! पण तिथला माल तुमच्या खिशात असेल. एखादं नाणं काढा. सालाच्या आकड्याखाली पाहा. तिथं पत्त्यांतल्या चौकटीसारखी बारीक खूण आहे? मग ते नाणं मुंबईच्या टांकसाळीत पडलं. चांदणी असेल तर हैदराबाद, नुसता ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. घरी गेल्यावर डब्यातली सगळी सुट्टी नाणी लावून बघा.

थोडं पुढं रस्त्याच्या तिठ्यावर एक नक्षीदार कारंजं आहे. जाणारे-येणारे घाईत असतात, वर कुणी बघतच नाही. तुम्ही बघा. अगदी टोकाला एक मुलगा आहे, हातात पुस्तक घेतलेला. रतनशी मुळजी जेठा या कापसाच्या व्यापाऱ्याचा धरमशी हा एकुलता एक मुलगा. १८८९ साली तो वारला, तेव्हा वय अवघं पंधरा. म्हणजे तुमच्या ताई-दादाएवढं. त्याच्या आठवणीसाठी वडिलांनी ही पाणपोई बांधली. घरात पोराची तसबीर लावून दार लावून घेता आलं असतं. पण त्यांनी त्याला भर रस्त्यात बसवलं आणि खाली पाणी सोडलं. मुलगा अजून वाचतोय.

बाहेर पडताना

आता आपण बाजार गेटच्या बाजूला आलो. किल्ल्याच्या या उत्तरेच्या भागात हिंदी व्यापाऱ्यांची दुकानं आणि घरं होती. दरवाजा नाही, पण बाजार गेट हे रस्त्याचं नाव आहे. पुढं जनरल पोस्ट ऑफिसचा मोठा घुमट दिसेल. १९१३ साली उघडलेली ही इमारत विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देते. जुन्या तटबंदीचा थोडासा अवशेष इथून जवळच, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात, अजून उभा आहे. म्हणजे किल्ला अगदीच गेलेला नाही!

आणि समोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. पूर्वीचं व्हिक्टोरिया टर्मिनस, २००४ पासून जागतिक वारसा. त्याच्याही आधी इथं बोरीबंदरचं साधं स्टेशन होतं. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी तिथून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे. ही आगगाडी मुंबईत यावी म्हणून खटपट करणाऱ्यांत होते आपले नाना शंकरशेट, आताच टाऊन हॉलमध्ये भेटलेले.

आता यादी काढा बघू. पाणी, मैदान, वेळ, सावली, पुस्तकं, पायरी. तुमच्या यादीत आणखी काही असेल. कोट्यवधींची उलाढाल होणाऱ्या या भागात कुणाच्या तरी मनात आलं, की येणाऱ्या-जाणाऱ्यासाठीही काही ठेवावं. ते येणारे-जाणारे म्हणजे आपणच.

मुंबईला जाणं जमणार नसेल, तर अगदी हिरमुसू नका. तुमच्या गावच्या बाजारपेठेतही असा खेळ खेळता येतो. सराफकट्टा, धान्याची पेठ, एसटी स्टँडजवळची दुकानं, कुठंही. तिथं पार आहे का? पाणपोई कुणी बांधली? वाचनालय कोणत्या सालचं? पाटी असेल तर वाचा, नसेल तर आजोबांना विचारा. वही घेऊन जायला मात्र विसरू नका. आणि आई-बाबांनो, त्या दिवशी तेवढी घाई करू नका!